तूसांचा परत आलेला नग

ओदिल थोनारने नव्वदी ओलांडली आहे. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, फुलझाडाच्या कुंडीशेजारी, तळहाताएवढी एक पोलादी पट्टी असते. साफसफाईला येणारी बाई दर गुरुवारी ती उचलते, पुसते आणि तिच्या मते सुलटी ठेवते. बाई गेली की ओदिल ती पुन्हा उलटी करते. बंदुकीच्या लाकडाखाली दडलेली बाजू वर हवी, असा तिचा हट्ट आहे. त्या बाजूला मसुराच्या दाण्याएवढं, तीन पाकळ्यांचं एक फूल ठोकलेलं आहे. ती तिच्या बापाची खूण.

वेद्र नदीच्या आमच्या खोऱ्यात तेव्हा घरोघरी उत्तरेकडच्या खिडकीशी एक ओटा असायचा, ओट्यावर लोखंड आवळून धरणारा व्हाइस, आणि व्हाइसपुढे वाकलेला एक माणूस. कोणी बंदुकीच्या नळ्या घासायचा, कोणी अक्रोडाचं लाकूड कोरायचा, कोणी जन्मभर नुसते स्क्रू करायचा आणि त्यावर तीन पोरींची लग्नं उरकायचा. ग्रांफोर्ज गावात सकाळ व्हायची ती कानशीच्या आवाजानं. ओदिलची आई होती तोवर ती भांडी घासता घासता सांगायची, "आज लांबेरचं घरात बिनसलंय. बघ, कशी खरखर लावलीय." आणि दुपारी कळायचं की लांबेरची बायको खरंच माहेरी गेलीय. आता त्या खिडक्यांत कुंड्या आहेत. लिएजहून शनिवारी फिरायला येणारी मंडळी म्हणतात, किती शांत गाव आहे. ओदिलला ही स्तुती मुळीच आवडत नाही.

तिचा बाप तूसां हा देजार्दां नावाच्या मालकाच्या कारखान्यात बंदुकीचे चाप बसवायचा. त्रेचाळीस माणसांचा कारखाना, मोठ्या कंपन्यांच्या मानानं चिमूटभर. चाप बसवणं म्हणजे पट्टीवरचे दोन पोलादी तुकडे एकमेकांना असे घासून जुळवायचे की बोटाला ना जड लागावं ना हलकं. प्रत्येक कारागीर आपल्या कामावर, लाकडाखाली झाकलं जाईल अशा जागी, आपली खूण ठोकायचा. तूसांचं फूल, लांबेरचा कोंबडा. हे काही हौसेनं सुरू झालेलं नव्हतं. माल बिघडून परत आला तर तो कोणाच्या माथी मारायचा हे मालकाला कळावं, एवढाच हेतू. पण माणसं ती खूण मिरवायची, पोरांना दाखवायची.

आणि नग परत आलाच, तर त्याची रीत होती. ज्याची खूण त्यानं तो नग लाल रुमालात बांधायचा आणि एक डिसेंबरला, आम्हा लोखंडकाम करणाऱ्यांच्या संत एल्वाच्या सणाला, भरदिवसा सगळ्या गावातून चालत बर्थबाईच्या खानावळीत न्यायचा. तिथे तो काउंटरवर ठेवायचा. वयानं सगळ्यांत मोठा असेल त्यानं विचारायचं, "तक्रार काय?" आणि ज्याचा नग त्यानं ती स्वतःच्या तोंडानं, सगळ्यांना ऐकू जाईल अशी सांगायची. चाप अडकतो, लाकूड हलतं, जे असेल ते. मग त्यानं सगळ्यांना पहिला पेला पाजायचा. पेके, जुनिपरच्या फळांची आमची दारू, छातीत विस्तव पेटवणारी. तासभर त्याची यथेच्छ टिंगल व्हायची आणि विषय कायमचा मिटायचा. पुन्हा त्याबद्दल कोणी ब्र काढायचा नाही.

तूसांचा एकही नग सेहेचाळीस वर्षांत परत आला नव्हता. त्यामुळे त्यानं कुणाला एक थेंब पाजला नव्हता, आणि दुसऱ्यांच्या चुकांवर मात्र दरवर्षी पोटभर प्यायला होता. खोऱ्यातला सगळ्यांत चांगला हात आणि सगळ्यांत मोठा फुकट्या, अशी त्याची ख्याती होती.

"तूसां, आमची तहान तुझ्या हयातीत भागेल का रे?" लांबेर दरवर्षी विचारायचा.

"माझ्या हातून काम बिघडेल तेव्हा."

"म्हणजे आम्ही कोरड्या घशानंच मरायचं."

ओदिलचं अक्षर सुरेख. मठाच्या शाळेतल्या बायकांनी छड्या मारून वळवलेलं. आई गेल्यावर तिनं लग्नाचा विचार मागे टाकला आणि ती देजार्दांच्या कचेरीत परदेशी जाणाऱ्या मालाचे कागद सांभाळू लागली. सरकारचं म्हणणं एवढंच होतं की बंदूक कुठे चाललीय ते आधी सांगा. घेणाऱ्या देशानं लिहून द्यायचं की हा माल आमच्याच फौजेसाठी आहे, आम्ही तो दुसऱ्या कुणाला देणार नाही. ते पत्र ब्रसेल्सच्या सरकारी खात्यात जायचं, तिथून परवाना यायचा, आणि मग पेट्यांना खिळे ठोकले जायचे. ओदिलला ते काम मनापासून आवडायचं. ताडाच्या झाडाचे, सिंहांचे, तलवारींचे शिक्के, जाड कागद, अनोळखी वळणाच्या सह्या. एकदा एका लिफाफ्याला वेलदोड्याचा वास आला होता. तो तिनं आठवडाभर टेबलाच्या खणात ठेवला आणि खण उगाचच उघडत राहिली.

शनिवारी दुपारी तूसां हात धुऊन टेबलाशी बसायचा आणि विचारायचा, "मग, या खेपेला माझ्या पोरी कुठे दिल्यास?"

ओदिल शाळेतला नकाशांचा जुना संच काढायची. जिथे माल गेला तिथे ती पेन्सिलीनं बारीक टिंब द्यायची. लिएजपलीकडे फारसा न गेलेला तो माणूस चष्मा कपाळावर सरकवून त्या टिंबाकडे बघत राहायचा. "उकाडा असेल तिथे," म्हणायचा. "तेल वेळेवर घातलं म्हणजे झालं." गोमांसाचे गोळे फळांच्या पाकात शिजत असायचे, खिडकीच्या काचा वाफेनं धुरकट व्हायच्या. ओदिलला विचाराल तर तिच्या आयुष्यातल्या सगळ्यांत सुखाच्या गोष्टींत ते शनिवार येतात. त्या सुखाची तिला पुढे लाजही वाटली. पण सुख होतं, हे ती नाकारत नाही.

एकोणसत्तर सालच्या मार्चमध्ये ल्युसी आली. ल्युसी म्हणजे तूसांच्या बहिणीची मुलगी. पोरकी झाल्यावर ती याच घरात वाढली, पुढे मठात गेली, परिचारिका झाली आणि आफ्रिकेतल्या एका मिशन दवाखान्यात सहा वर्षं होती. तिथे देशातल्या देशात युद्ध पेटलेलं होतं, आणि आदल्या वर्षी आपल्या सरकारनं तिथल्या कुठल्याच बाजूला हत्यारं विकायला बंदी घातली होती. ल्युसी वाळून काटकी झाली होती. तिनं भाताच्या खिरीच्या केकचे दोन तुकडे खाल्ले, मग लाजत तिसरा मागितला. तो संपल्यावर तिनं शिवणाचा डबा उघडला आणि दोऱ्यांच्या रिळांखालून ही पट्टी काढून तूसांपुढे ठेवली.

"मामा, हे तुमचंच ना?"

तूसांनं आधी अंगठा कडेवरून फिरवला, मग चष्मा लावला. "माझंच. चौसष्ट... नाही, सहासष्टचं. तेव्हा मी ही कड जरा गोल ठेवत होतो." त्याला मनापासून आनंद झाला होता. "कुठे मिळालं तुला?"

"दवाखान्यात. बंदुका आम्ही दाराबाहेर ठेवायला लावतो. एक जण आत आला तो उठलाच नाही, त्याची तशीच राहिली. लाकूड फुटलेलं होतं. मी उघडून बघितलं. या घरात वाढलेय, कुठे बघायचं ते ठाऊक होतं."

ओदिलनं नकाशा आणला. सहासष्टचा माल तिला तोंडपाठ होता. वाळवंटातला एक देश, बाराशे नग, हिरव्या शाईचा शिक्का. तिनं त्या टिंबावर बोट ठेवलं. ल्युसीनं ते बोट हळूच उचललं आणि खूप खाली, दीड वीत अंतरावर नेऊन टेकवलं.

"मी इथे असते."

"एखादी चुकून गेली असेल," तूसां म्हणाला.

"पेट्याच्या पेट्या आहेत, मामा. लांबेरकाकांचा कोंबडाही बघितलाय मी. एकदा नाही, चारदा."

तूसांनं पट्टी उलटसुलट करून बघितली. मग त्याच्या तोंडून सवयीनं प्रश्न गेला, गिऱ्हाइकाकडून येणाऱ्या प्रत्येकाला तो विचारायचा तोच. "चालतात कशा?"

ल्युसीनं त्याच्याकडे बघितलं. "चांगल्या चालतात, मामा," ती म्हणाली आणि ताटल्या उचलायला लागली.

त्याच आठवड्यात त्याच वाळवंटी देशाची नवी मागणी ओदिलच्या टेबलावर पडलेली होती. दोन हजार नग, म्हणजे कारखान्याला दीड-दोन वर्षं मान वर करायची सोय नाही एवढं काम. त्याशिवाय हातात दुसरं काहीच नव्हतं. जुन्या गिऱ्हाइकासाठी परवाना मागायचा तर अर्जात एक ओळ असायची, "याआधीचा माल ठरल्या जागी पोचला व तेथेच आहे काय, हे माझ्या माहितीप्रमाणे" आणि पुढे रिकामी जागा. खाली दोन सह्या, मालकाची आणि कागद सांभाळणाऱ्याची. दोन्ही सह्यांचे नमुने ब्रसेल्सला नोंदलेले. त्या रिकाम्या जागेत ओदिल अकरा वर्षं "होय" लिहीत आली होती.

तिनं चार दिवस अर्ज पुढे सरकवला नाही. पाचव्या दिवशी, रविवारच्या प्रार्थनेनंतर घरी येताना, तूसांच बोलला.

"सही कर, ओदिल."

"काय लिहून करू, बाबा?"

"दरवेळी लिहितेस ते. बेचाळीस घरं आहेत. आपलं धरून त्रेचाळीस."

"मोजता मलाही येतात."

"तू नाही म्हणालीस म्हणून तिथली माणसं मरायची थांबणार आहेत का? आपण नाही बनवल्या तर दुसरं कोणी बनवेल."

"बनवू दे की. ते त्यांच्या माहितीप्रमाणे सही करतील."

"जन्मात कधी बंदूक हातात धरली नाहीस तू. तुला काय कळतंय त्यातलं?"

"बंदुकीतलं मला कोणी विचारलेलंच नाही. पोचल्या का, एवढंच विचारलंय. आणि त्या पोचल्या नाहीत, बाबा. तुम्हीच तर ओळखलीत." ओदिलला रडू येत होतं, पण रस्त्यात माणसं होती. "आता मी 'होय' लिहिलं तर शनिवारी तुम्हाला नकाशात काय दाखवू?"

तूसां पुढे चालू लागला. त्या दिवशी दुपारी जेवायला बसल्यावर त्यानं फक्त मीठ मागितलं.

सोमवारी ओदिलनं रिकाम्या जागेत आपल्या त्या सुरेख अक्षरात लिहिलं, "नाही", आणि सही केली. देजार्दांनी कागद वाचला. ते वाईट गृहस्थ नव्हते. दर नाताळाला प्रत्येक घरी टर्की पाठवायचे, आणि कुणाच्या पोराला काय झालंय हे त्यांना माहीत असायचं.

"मी हा फाडू शकतो, मादम्वाझेल."

"फाडा. दुसरा आणा, मी पुन्हा हेच लिहीन."

"अहो, तुमच्या वडिलांचा तरी विचार करा."

"त्यांचाच करतेय," ओदिल म्हणाली. तिला वाटलं, आपण हे उगाच बोललो.

देजार्दांनी तो फाडला नाही. खोटं लिहून देण्याला शिक्षा होती, आणि आता ते खोटं आहे हे माहीत असलेली बाई त्यांच्या टेबलासमोर उभी होती. तीन आठवड्यांनी ब्रसेल्सहून चार ओळींचं उत्तर आलं. चौकशी होईपर्यंत परवाना नाही. गिऱ्हाईक चौकशीसाठी थांबलं नाही. त्यानं दुसऱ्या देशात आपली सोय पाहिली. जूनमध्ये कारखान्याचं फाटक बंद झालं. तरुण माणसं लिएजच्या पोलादाच्या भट्ट्यांवर लागली, रोज पहाटेची गाडी धरून. साठीच्या माणसांना कोण घेणार? ती आपापल्या खिडकीशी बसून राहिली, व्हाइसवर काहीच न लावता.

ओदिलला कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. बेकरीवाली तिच्या मागून आलेल्यांना आधी पाव द्यायची. चर्चमध्ये तिच्या बाकावरची माणसं सरकून दुसऱ्या बाकावर बसायची. लांबेरची बायको, जिनं तिला लहानपणी न्हाऊ घातलं होतं, ती तिला पाहून खिडकीचा पडदा ओढायची. ओदिलनं व्हेर्विएच्या टपाल कचेरीत नोकरी धरली. तिथे ती लोकांची पाकिटं तोलायची. कोणी परदेशी पत्ता लिहिलेलं पाकीट पुढे केलं की तिचा हात क्षणभर थांबायचा.

तूसां तिच्याशी बोलायचा ते कोळसा संपला, दार वाजतंय, एवढंच. शनिवारी तो टेबलाशी बसायचा, पण प्रश्न विचारायचा नाही. ती पट्टी त्याच्या ओट्याच्या खणात होती. अधूनमधून खण उघडल्याचा आवाज ओदिलला ऐकू यायचा. तिला वाटायचं, बाप आपल्याला कधीच माफ करणार नाही. तिनं मनाची तशी तयारीही केली होती.

एक डिसेंबर आला. सोमवार होता, पण सणाचं जेवण करायला तिनं रजा काढली होती. ती चुलीशी असताना तूसां बाहेरच्या खोलीतून आला. अंगात लग्नातला काळा कोट, दाढी घोटलेली, आणि हातात लाल रुमालाचं लहानसं गाठोडं.

"कोट घाल," तो म्हणाला.

"कुठे जायचंय?"

"विचारत बसू नकोस. घाल."

घरापासून बर्थबाईच्या खानावळीपर्यंत सात मिनिटांची वाट आहे. तूसां ती वीस मिनिटं चालला. बेकरीवरून गेला, चर्चवरून गेला, गरज नसताना कारखान्याच्या फाटकावरूनही गेला. गाठोडं त्यानं छातीसमोर धरलं होतं, कोणाला दिसलं नाही असं व्हायला नको म्हणून. ओदिल दोन पावलं मागे होती. पडदे बाजूला होत होते. तूसां थोनारच्या हातात लाल रुमाल, हे दृश्य ग्रांफोर्जनं कधी पाहिलं नव्हतं.

खानावळीत जुन्या कारखान्यातली पंचवीसेक माणसं होती. त्या दिवशी बायकांनी आत जायची पद्धत नव्हती. बर्थबाई तेवढी एकटी. ओदिल उघड्या दारातच थबकली. तूसां काउंटरपाशी गेला, त्यानं रुमालाची गाठ सोडली आणि पट्टी ठेवली, फूल वर करून.

"माझा नग परत आलाय," तो म्हणाला.

आता त्या खोलीत वयानं सगळ्यांत मोठा लांबेर होता. त्यानं पट्टी उचलली, उजेडात धरली, फूल बघितलं. 

"कुठून आला?"

"जिथे पाठवला नव्हता तिथून. ल्युसीनं आणलाय. तुझा कोंबडाही आहे तिथे, चार तरी. तुम्हा बहुतेकांचं काही ना काही आहे. पण हातात आलाय तो माझा, म्हणून मी घेऊन आलो."

लांबेरनं ओठ ओले केले. पुढचा प्रश्न त्यालाच विचारायचा होता, रीतच तशी होती.

"तक्रार काय?"

तूसां ताठ उभा राहिला. शेवटच्या टेबलापर्यंतच नाही, तर रस्त्यावरच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "चांगला चालतो. हीच तक्रार आहे."

मग त्यानं बर्थबाईकडे मान वळवली. "सगळ्यांना भर. पहिला पेला माझा."

बर्थबाईनं पेले मांडले. थोडी पेके काउंटरवर सांडली. पेले भरले, आणि तसेच राहिले. ओदिलला वाटलं, आता कोणी उचलणार नाही, आणि आपला म्हातारा इथेच या सगळ्यांपुढे कोसळेल. तिनं दाराची चौकट घट्ट धरली.

लांबेरनं पट्टी रुमालावर ठेवली. त्यानं पेला उचलला, तूसांकडे बघितलं आणि एका घोटात रिकामा केला. मग दुसऱ्यानं उचलला. मग बाकीच्यांनी, एकेक करून. टिंगल कोणी केली नाही.

लांबेरनं मिशा पुसल्या आणि दाराकडे वळून म्हणाला, "ओदिल, दार लाव, थंडी येतेय."

ती बाहेरून दार ओढून घ्यायला लागली.

"आतून लाव, पोरी," लांबेर म्हणाला. "अजून एक पेला भरलेला आहे."